मातीच्या लहान धरणांची स्थिती व निगा

मातीचे लहान धरण म्हणजे ओढ्यावर किंवा छोट्या नदीवर माती, मुरूम व दगड यांचा दाबून केलेला भराव घालून पाणी अडवणारी रचना होय. मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येनुसार पायापासून १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीचे धरण ‘मोठे’ समजले जाते. ५ ते १५ मीटर उंचीचे धरण ३० लाख घनमीटरांहून अधिक पाणी साठवत असेल तर तेही मोठ्या धरणांत मोडते. त्याखालील सर्व धरणे लहान होत. महाराष्ट्रात ती गावतलाव, पाझर तलाव, साठवण तलाव, लघुपाटबंधारे तलाव अशा नावांनी ओळखली जातात. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुका आणि जवळचा नांदेड जिल्ह्याचा भाग हा अशा तलावांचा प्रदेश आहे.

यांतील बहुतेक धरणे शेती, पिण्याचे पाणी किंवा भूजलाचे पुनर्भरण यांसाठी बांधली गेली. गावे व शहरे वाढत गेली तशी त्यांपैकी अनेकांचा उपयोग फिरायला जाण्याची जागा, बाग, नौकाविहार, मासेमारी, गणेश विसर्जन यांसाठी होऊ लागला. उपयोग बदलला तरी भरावावरचा पाण्याचा दाब बदलत नाही. तलाव हा बगीचा म्हणून ओळखला जाऊ लागला की तो धरण असल्याचा विसर पडतो आणि निगा राखण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हेही अस्पष्ट होते. लहान धरणांच्या बाबतीत हा विसर बांधकामातील दोषाइतकाच घातक ठरल्याची उदाहरणे आहेत.

रचना

मातीच्या धरणाचा छेद समलंब चौकोनासारखा असतो. वर अरुंद माथा आणि दोन्ही बाजूंना उतार. पाण्याकडील उतार सहसा अधिक सौम्य, म्हणजे एका मीटर उंचीला अडीच ते तीन मीटर आडवे अंतर असा ठेवतात. कारण पाणी झपाट्याने उतरले तर भिजून जड झालेली माती तलावाकडे घसरण्याची भीती असते. कोरड्या बाजूचा उतार साधारणपणे दोन ते अडीच मीटरांचा असतो. मराठवाड्यात उपलब्ध सामग्रीनुसार मध्यभागी काळ्या चिकण मातीचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण अशी रचना प्रचलित आहे. गाभा पाणी अडवतो, तर मुरूम त्याला आधार देतो. हा गाभा जमिनीवर नुसता ठेवलेला नसतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकावरचा वरचा थर झिजलेला, भेगाळ व पाणी वाहू देणारा असल्याने तो खोदून कठीण, अभेद्य थरापर्यंत खंदक घेतात व तो गाभ्याच्याच मातीने भरतात. माती पातळ थरांत पसरून, योग्य प्रमाणात ओली करून रोलरने दाबली जाते. धरणाचे आयुष्य पुष्कळसे या दाबण्यावर ठरते, आणि नेमके तेच काम पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही.

पाण्याकडील उतारावर लाटांपासून संरक्षणासाठी दगडांचे पिचिंग असते. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू, खडी व दगड अशा क्रमाने गाळणी रचतात. ही गाळणी झिरपून आलेल्या पाण्याला वाट देते, पण मातीचे कण अडवून धरते. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडेफार पाणी झिरपतेच. न झिरपणारे धरण बांधणे हे उद्दिष्ट नसून झिरपलेले पाणी माती न घेता बाहेर पडावे, हे उद्दिष्ट असते.

भरावाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा. लहान तलावांवर तो बहुधा एका कडेला, कठीण जमिनीत कापलेला आणि दारे नसलेला असतो. तलाव भरला की जादा पाणी आपोआप त्यावरून ओढ्यात जाते. सांडव्याची पातळी आणि भरावाचा माथा यांत राखलेल्या उंचीच्या फरकात पुराच्या पाण्याची वाढ व लाटा सामावल्या जातात. त्यातील पुराची कमाल पातळी ते माथा या शिल्लक उंचीला अभियंते ‘फ्रीबोर्ड’ म्हणतात. दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहिले तरी तो टिकू शकतो. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की कोरड्या बाजूची माती काही तासांत खरवडून जाते. म्हणून जगभर नोंदल्या गेलेल्या मातीच्या धरणांच्या फुटींत माथ्यावरून पाणी वाहणे आणि आतून होणारी झीज ही दोन कारणे सर्वांत वर असतात.

चाकूर परिसरातील पार्श्वभूमी

चाकूर हे लातूर–नांदेड मार्गावरील तालुक्याचे गाव बालाघाटच्या पठारी प्रदेशात येते. परिसरातील घरणी, तिरू यांसारख्या छोट्या नद्यांचे पाणी मांजरेच्या मार्गे अखेर गोदावरीला मिळते. या नद्या व ओढे बारमाही नाहीत. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात, तोही मोजक्या दिवसांत पडतो. पाणी अडवल्याखेरीज उन्हाळा निघत नाही, ही जाणीव या प्रदेशात जुनी आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार येथील ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलाव राष्ट्रकूट काळातील मानला जातो.

सध्याच्या लहान धरणांपैकी मोठा हिस्सा मात्र १९७२ च्या दुष्काळानंतरचा आहे. त्या काळात रोजगार हमी योजनेतून राज्यभर पाझर तलाव खोदले गेले. हजारो हातांना काम देणे हा पहिला हेतू होता आणि पाणी अडवणे हा दुसरा. त्यामुळे काही ठिकाणी जागेची निवड, खंदकाची खोली आणि माती दाबण्याचे काम यांत तडजोडी झाल्या. त्या काळी दुष्काळग्रस्तांनी डोक्यावरून माती वाहून उभारलेले हे भराव आता पन्नाशीच्या आसपास आहेत.

पाझर तलावाविषयी एक गैरसमज आढळतो. ‘पाझर’ हे नावच असल्याने भरावातून येणारे पाणी योग्यच, असे समजले जाते. प्रत्यक्षात अपेक्षित पाझर हा तलावाच्या तळातून खाली, भूजलाकडे जाणारा असतो. खालच्या शिवारातील विहिरींना पाणी वाढते ते याच पाझरामुळे. भरावाच्या पोटातून किंवा त्याच्या पायाखालून येणारी धार ही गळती होय, आणि ती पाझर तलावातही तेवढीच धोक्याची असते.

या भागातील हवामान मातीच्या धरणाची वेगळ्या प्रकारे परीक्षा घेते. काळी माती पाण्याने फुगते व वाळली की आकसून भेगाळते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या उघड्या राहिलेल्या भरावातही पडतात. म्हणूनच गाभ्याची माती माथ्यावर उघडी न ठेवता तिच्यावर मुरमाचा थर देण्याची पद्धत आहे. हा थर वाहून गेला आणि पुन्हा घातला नाही, तर भेगा गाभ्यात शिरतात. सलग कोरड्या वर्षांनंतर एकदम तलाव भरणे हा त्यामुळे सर्वांत नाजूक प्रसंग असतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात अतिवृष्टी होऊन मांजरा धरण भरले. कित्येक वर्षे कोरडे पडलेले लहान तलाव अशाच रीतीने काही दिवसांत तुडुंब होतात. दारे नसलेल्या तलावात पाणी हळूहळू चढवणे कोणाच्याच हाती नसते. अशा वर्षी पहारा वाढवणे एवढाच उपाय उरतो.

भूकंपाचा विचारही या भागात टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपापूर्वी हा प्रदेश देशाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नंतर नकाशाची फेररचना होऊन तो वरच्या विभागात गेला. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. लहान धक्क्याने भराव कोसळत नाही, परंतु माथ्यावर लांबीच्या दिशेने पडलेली बारीक भेग पुढच्या पावसाळ्यात पाण्याची वाट बनू शकते. धक्क्यानंतर माथ्यावरून एक फेरी मारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

विरंगुळ्याचा तलाव आणि धरण

करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या धरणाचे महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण नागपूरचा अंबाझरी तलाव हे आहे. १८७० मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी नाग नदीवर हा तलाव बांधण्यात आला. पुढे पिण्याच्या पाण्यासाठी त्याचा उपयोग थांबला, १९५८ मध्ये काठी उद्यान झाले आणि तो नागपूरकरांच्या फिरण्याची व नौकाविहाराची जागा बनला. तलावाखाली नाग नदीच्या दोन्ही काठांवर वस्ती वाढली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तलाव भरून वाहू लागला, नदीचे पात्र ते पाणी सामावू शकले नाही आणि अंबाझरी लेआउट व लगतच्या वसाहतींत पाणी शिरले. मनुष्यहानीही झाली. भराव फुटला नाही, ही त्यातली जमेची बाजू.

त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हा विषय गेला. सांडव्यासमोर उभारलेले स्मारक, सांडव्याखालील नदीपात्राचे आकुंचन, जुन्या भरावाची मजबुती आणि त्यावर वाढलेली झाडे हे मुद्दे चर्चेला आले. पुढे भराव बळकट करणे व सांडव्याची वहनक्षमता वाढवणे ही कामे हाती घेण्यात आली. स्मारक उभारणे किंवा काठ सुशोभित करणे यांत गैर काही नाही. मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या सांडव्याची वाट ही मोकळी जागा नसून धरणाचाच भाग आहे, हे ध्यानात न घेता ही कामे झाली की प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे जगातील सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरणाचे आहे. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण निरुपयोगी ठरल्यावर १८७९ मध्ये ते धनिकांच्या मासेमारी व शिकार क्लबने विहारासाठी घेतले. पाणी सोडण्याचे नळ आधीच काढून टाकले गेले होते व ते पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून बग्गी जावी म्हणून माथ्याची उंची कमी करण्यात आली. तलावातील मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावण्यात आल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात त्या जाळ्यांत पालापाचोळा व ओंडके अडकले, सांडवा तुंबला आणि पाणी खचलेल्या माथ्यावरून वाहू लागले. धरण फुटून खालच्या जॉन्सटाउन शहरातील २,२०९ लोक मरण पावले. यातील एकही बदल धरण पाडण्याच्या हेतूने केलेला नव्हता. प्रत्येक बदल सोयीसाठी होता.

मराठवाड्यातील तलावांवरही या सोयींची रूपे दिसतात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर आडवी बांधलेली जाळी आणि चार दिवस जास्त पाणी राहावे म्हणून सांडव्याच्या भिंतीवर रचलेली वाळूची पोती ही दोन सर्वांत सामान्य. पोती रचणाऱ्याच्या दृष्टीने तो फुकटचा अर्धा मीटर पाणीसाठा असतो, पण तो अर्धा मीटर फ्रीबोर्डमधून काढून घेतलेला असतो. भरावाच्या माथ्यावर फिरण्यासाठी काँक्रीटची वाट करणे, दिव्यांचे खांब व बाके रोवणे, केबलसाठी चर खणणे ही कामेही धरणाच्या अभियंत्याला न विचारता केली जातात. माथ्यावर पक्की वाट असल्यास तिच्या खालची माती खचली तरी वरून कळत नाही. चर नीट दाबून भरला नाही तर पावसाचे पाणी थेट गाभ्याजवळ पोहोचते.

गळती

भरावाच्या कोरड्या बाजूला ओल दिसणे ही पहिली खूण आहे. उन्हाळ्यात सगळे गवत वाळले असताना पायथ्याजवळ एखादा हिरवा पट्टा दिसतो, लव्हाळे उगवलेले दिसते, तेव्हा तेथून पाणी झिरपत असल्याचे ओळखावे. खरा प्रश्न झिरपणाऱ्या पाण्याच्या रंगाचा असतो. स्वच्छ पाणी ठरावीक प्रमाणात, पायथ्याच्या गाळणीतून येत असेल तर ते स्वाभाविक असते. पाणी गढूळ येऊ लागले तर भरावातील माती वाहून येत आहे, असा त्याचा अर्थ होतो. ही झीज बाहेरून आत, पाण्याच्या दिशेने वाढत जाते व भरावाच्या पोटात नळीसारखी पोकळी तयार होते. पोकळी तलावापर्यंत पोहोचली की पुढचे सारे फार वेगाने घडते. तलावाच्या पृष्ठभागावर भोवरा दिसणे किंवा माथ्यावर खड्डा पडणे या अखेरच्या टप्प्यातील खुणा आहेत.

गळतीचे प्रमाण डोळ्यांनी ठरवू नये. पायथ्याच्या नालीत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच असलेला पत्रा बसवून त्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की गळतीची नोंद ठेवता येते. तलावातील पाण्याची पातळी तीच असताना गळती वाढली, तर आत काहीतरी बदलले आहे. एखाद्या गावातील शाळेच्या मुलांनाही करता येईल इतके हे मोजमाप सोपे आहे, तरी लहान तलावांवर ते क्वचितच आढळते.

भरावातून जाणारे नळ व विमोचक ही गळतीची ठरलेली जागा. काँक्रीट व माती यांच्या सांध्यात माती नीट दाबली जात नाही. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेत धरण फुटले, तेव्हा ते अपूर्णावस्थेत होते आणि भरावाखालील विमोचकाच्या मार्गाला झालेल्या इजेमुळे त्यावरील भराव खचला होता. पानशेत हे मोठे धरण होते, परंतु हा कच्चा दुवा लहान धरणातही तसाच असतो. शेतकऱ्यांनी मोटारीच्या पाइपसाठी माथ्यात खणलेले आडवे चर हे त्याचेच छोटे रूप होय.

खेकडे, घुशी आणि वारुळे

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटून पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. सुमारे वीस जणांचा बळी गेला. गळतीबाबत ग्रामस्थांनी आधी तक्रारी केल्या होत्या. खेकड्यांनी भराव पोखरल्याने धरण फुटले, हे तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांचे विधान त्या वेळी राज्यभर गाजले व त्याची बरीच थट्टाही झाली. खेकडे, घुशी, उंदीर, साळिंदर मातीच्या भरावात बिळे करतात हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, आणि धरणांच्या देखभालीच्या जगभरच्या मार्गदर्शिकांत त्यांचा उल्लेख असतो. पण बीळ एका रात्रीत होत नाही. बिळे दिसणे, ती बुजवणे आणि त्यामागचे कारण शोधणे हाच देखभालीचा भाग असल्याने प्राण्यांकडे बोट दाखवणे म्हणजे पाहणी झाली नव्हती, याची कबुली देण्यासारखे होते.

मराठवाड्यात वाळवीच्या वारुळांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वारूळ वरून टणक दिसले तरी त्याखाली पोकळ्यांचे जाळे असते. वारुळाला देवाचे ठिकाण मानून ते न फोडण्याची रीत अनेक गावांत आहे. भरावावर वारूळ असल्यास गावकऱ्यांशी बोलून, मान राखून ते हलवणे आणि पोकळी खोलपर्यंत उघडून चिकण मातीच्या थरांनी दाबून भरणे, हाच मार्ग व्यवहार्य ठरतो. तोंडावर दगड ठोकून बीळ बंद केले तर ते केवळ नजरेआड होते.

झाडे

भरावावर झाडे लावणे हा सद्हेतूने होणारा कदाचित सर्वांत मोठा अपाय आहे. वृक्षारोपणाच्या मोहिमेत मोकळी व सरकारी मालकीची जागा म्हणून तलावाच्या भरावाची निवड सहज होते; शिवाय वेडी बाभूळ न लावताही उगवते. मुळे ओल शोधत गाभ्यापर्यंत जातात. वादळात झाड उन्मळून पडले तर मुळांबरोबर मातीचा मोठा लगदा निघतो. झाड वाळले तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला तयार नळ्या मिळतात. दाट झुडपांमुळे बिळे, भेगा व ओल दिसत नाहीत, हे चौथे आणि रोजच्या व्यवहारात सर्वांत महत्त्वाचे कारण.

रोप लहान असताना मुळासकट उपटणे सोपे व निर्धोक असते. वाढलेल्या झाडाचे तसे नाही. ते तलाव भरलेला असताना नुसते तोडले तर काही वर्षांनी मुळे कुजून धोका वाढतो. मोठी झाडे पाणी कमी असताना, अभियंत्याच्या देखरेखीखाली मुख्य मुळांसह काढून खड्डा थरांनी दाबून भरावा लागतो. भरावावर गवत मात्र हवेच. हरळीसारखे पसरणारे आखूड गवत पावसाच्या माऱ्यापासून मातीचे रक्षण करते. सावलीची झाडे पायथ्यापासून काही मीटर दूर, किंवा तलावाच्या इतर काठांवर लावता येतात.

गाळ काढणे

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ पासून सुरू झाली. साठा वाढावा व सुपीक गाळ शेतात जावा, हा तिचा दुहेरी लाभ लातूर–नांदेडसारख्या भागात उघड आहे. यंत्राने गाळ काढताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. भरावाच्या पाण्याकडील पायथ्याजवळ खोल खणल्यास उताराचा आधार जातो आणि पाणी उतरताना तो घसरू शकतो. दुसरे असे की, तळावर बसलेला गाळ काही ठिकाणी गळती रोखणाऱ्या चादरीचे काम करत असतो. भरावालगतचा हा थर फाडून खालचा मुरूम उघडा पडला तर पायाखालून गळती सुरू होते. म्हणून भरावापासून ठरावीक अंतर सोडूनच खणायचे असते. तलाव कोरडा, ट्रॅक्टरची रांग लागलेली आणि सर्वांत जाड गाळ नेमका भिंतीशी, अशा स्थितीत हे अंतर पाळले जाणे देखरेखीवरच अवलंबून राहते. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वीटभट्टीसाठी माती उचलणे किंवा अगदी लगत विहीर पाडणे हेही तितकेच अपायकारक आहे.

पाहणी व संकटकालीन उपाय

मातीच्या धरणाची वर्षातून दोन वेळा पाहणी करण्याचा प्रघात आहे, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या सुमारास. मे महिन्यात तलाव रिता असल्याने पाण्याकडील पिचिंग, विमोचक आणि भेगा दिसतात. ऑक्टोबरमध्ये तलाव भरलेला असल्याने गळती दिसते. एकाच पाहणीवर विसंबणाऱ्याला धरणाची अर्धीच बाजू कळते. माथा, दोन्ही उतार आणि पायथा यांवरून समांतर फेऱ्या मारत चालणे ही पद्धत साधी आहे. माथ्यावर उभे राहून टोकाकडे पाहिले असता कडेची रेषा मध्येच खाली वाकलेली दिसली तर तेथे भराव बसला आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या, पावसाने पाडलेल्या घळी, निखळलेले पिचिंग ही कामे वेळीच केली तर दोन-चार ब्रास मुरूम आणि काही मजूर यांत भागतात. सांडव्यातील झुडपे व गाळ दरवर्षी काढायचा असतो, आणि सांडव्याच्या पुढची ओढ्यापर्यंतची वाटही. ती अतिक्रमणाने बुजली तर सांडवा असूनही नसल्यासारखा होतो.

गढूळ गळती आढळल्यास गावकऱ्यांची पहिली धाव बहुधा त्या छिद्रावर चिकण माती टाकण्याकडे असते. हे घातक आहे. कोरड्या बाजूचे तोंड बंद केले की पाण्याचा दाब आत वाढतो व ते दुसरीकडून अधिक जोराने फुटते. तेथे प्रथम वाळू, मग खडी आणि वर दगड असा उलटा गाळणीचा थर घालावा. त्याने माती अडते आणि पाणी स्वच्छ होऊन निघत राहते. चिकण मातीची पोती टाकायची ती पाण्याच्या बाजूला, जिथून पाणी आत शिरत आहे तिथे. त्याच वेळी विमोचकातून वा पंप लावून तलावाची पातळी उतरवणे आणि खालच्या वस्तीला हलवणे ही कामे सुरू व्हावी लागतात. तिवऱ्याची दुर्घटना रात्री घडली. लहान धरणाखालची वस्ती बहुधा इतकी जवळ असते की फुटीनंतर इशारा देऊन उपयोग होत नाही. इशारा गढूळ पाणी दिसल्यावरच द्यावा लागतो.

कायदा व जबाबदारी

संसदेने संमत केलेला धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यात धरणमालकावर पावसाळ्यापूर्वीची व नंतरची तपासणी, पूर व भूकंपानंतरची पाहणी, देखभालीसाठी निधी आणि आपत्कालीन कृती आराखडा यांची सक्ती आहे. मात्र हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी किमान ५०० मीटर, साठवण किमान १० लाख घनमीटर किंवा पूरविसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर आहे, अथवा ज्यांच्या पायात वा रचनेत विशेष अडचणी आहेत, तीच त्याच्या कक्षेत येतात. दहा मीटरांपर्यंतचे गावतलाव व पाझर तलाव पूर्णपणे बाहेर राहतात.

राज्यात सिंचनक्षमतेनुसार जबाबदारीची विभागणी आहे. ढोबळमानाने १०० हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यापुढचे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. मोठ्या धरणांच्या तपासणीसाठी राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिक येथे आहे. विरंगुळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तलावात ही विभागणी आणखी गुंतागुंतीची होते. भराव एका विभागाचा, बाग नगरपंचायतीची, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आणि सांडव्याखालचा ओढा महसूल खात्याचा, अशी स्थिती असू शकते. यांपैकी प्रत्येकाचे आपले काम बिनचूक चालू असूनही भरावावरून चालणारा माणूस नेमलेला नसतो.

इंग्रजी अमलात व निजामाच्या राज्यात मोठ्या तलावांवर चौकीदार असे. भरावाची राखण, सांडव्याची सफाई आणि पावसाळ्यात रात्रीची फेरी ही त्याची कामे. पाझर तलावांच्या अंदाजपत्रकात बांधकामाचा खर्च असतो, पण अशा पदाची तरतूद बहुधा नसते. त्यामुळे चाकूर परिसरातील एखाद्या तलावाच्या भरावावर रोज कोण जाते, असे विचारले तर उत्तर मिळते ते पहाटे फिरायला येणारी मंडळी, गुराखी आणि मासे धरणारे लोक. ओल, खड्डा, बीळ किंवा गढूळ पाणी सर्वांत आधी त्यांनाच दिसते. संबंधित शाखा अभियंत्याचे पद आणि कार्यालय दर्शवणारा, तसेच सांडव्याची पातळी रंगाने दाखवणारा फलक भरावाच्या टोकाशी असल्यास हे दिसणे कार्यालयापर्यंत पोहोचू शकते.